फॅशन मासिकाच्या मुखपृष्ठात असं काय असतं की हात आपोआप तिकडे जातो?

सुईदोरा (सांगली)
विश्रामबागेत माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ट्रायलसाठी थांबलेल्या बायकांसमोर टीपॉयवर मासिकं ठेवलेली असतात. इंग्रजी फॅशनचे जुने अंक, मराठी महिला मासिकं, गेल्या दिवाळीचे अंक. बरेच दिवस बघतेय, हात ठराविक अंकांकडेच जातो. त्यांचे कोपरे दुमडलेत, पिना सुटायला आल्यात. बाकीचे अजून कोरे करकरीत. आत बघाल तर सगळीकडे तेच: केस, त्वचा, साड्या, एक मुलाखत, चार रेसिपी.

सगळ्यात जास्त हाताळलेल्या एका कव्हरवर करड्या पार्श्वभूमीवर राणी रंगाची साडी नेसलेली मुलगी आहे, थेट आपल्याकडे बघणारी. अक्षरं अगदी मोजकी. कॉलेजच्या मुली हाच उचलतात. त्यांच्याबरोबर आलेल्या आया-काकू मात्र तो बाजूला सारतात आणि लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, '51 फराळाचे प्रकार' असं ठळक छापलेला अंक काढतात. एक काकू म्हणाल्या, "ह्यात निदान वाचायला तरी आहे."

तर हे कव्हर करणारे लोक काय डोक्यात ठेवून करतात? रंग, चेहरा, अक्षरं, कुणासाठी काय? जाणकारांनी लिहा. आणि एक व्यावसायिक रडगाणं: कव्हरवर बोट ठेवून "अस्संच फिटिंग पाहिजे" म्हणणाऱ्यांचं काय करायचं तेही सांगा.

भडंगप्रेमी
रुमाल टाकून ठेवतो. आमच्या घरी मासिकाच्या कव्हरचा उपयोग विरजण झाकायला होतो, त्यामुळे अनुभव तेवढाच.

ऑफसेटवाला (सातारा)
सुईदोराताई, तुमच्या टीपॉयवर दोन वेगळी गिऱ्हाइकं बसलीत, आणि दोन्ही कव्हरं आपापलं गिऱ्हाईक बरोबर ओळखून आहेत.

माझा छपाईचा धंदा. महिला मंडळांचे, पतसंस्थांचे, दिवाळीचे अंक छापतो. 51 फराळाचे प्रकार कव्हरवर का येतात? घरखर्चातून पैसे काढून अंक घेणाऱ्या बाईला हिशोब लागतो. अंक आत काय देणार ते बाहेर मांडून दाखवायला लागतं. म्हणून आकडा, म्हणून ठळक अक्षर, म्हणून 'सोबत मोफत मेंदी पुस्तिका' असा पिवळा गोल. तिथे कव्हरवर बोटभर जागा मोकळी दिसली की संपादक मला विचारतात, "इथे काहीतरी टाका की."

महागड्या मासिकाचं उलटं. त्यांना मोकळी जागा दाखवायची असते. जागा रिकामी सोडायला ऐपत लागते ना. पेठेतल्या दुकानात काउंटरपासून माळ्यापर्यंत माल भरलेला असतो आणि मोठ्या शोरूममध्ये अख्ख्या काचेमागे एकच साडी लावलेली असते. कॉलेजच्या मुलीला 51 प्रकार नकोच आहेत, तिला त्या साडीतल्या मुलीसारखं उभं राहायचंय.

बाकी चेहरा आणि नजर यावर कुणीतरी लिहा, मी प्रूफ बघून येतो.

अपूर्णविराम
उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे हा धागा माझ्यासाठीच निघाल्यासारखा वाटतोय.

नजरेबद्दल. थेट बघणारे डोळे ही सगळ्यात जुनी आणि अजून चालणारी युक्ती. स्टॉलवर पन्नास गोष्टी असतात, त्यातली एक बाई आपल्याकडे बघतेय म्हटल्यावर आपण वळून बघतोच. याचं टोक म्हणजे अमेरिकन फॅशन मासिक 'व्होग'चा जानेवारी 1950 चा अंक. एर्विन ब्लूमेनफेल्डने काढलेला फोटो. चेहऱ्यावरचं सगळं पांढऱ्यात विरघळवून टाकलंय. उरलंय काय, तर एक डोळा, ओठ आणि एक तीळ. नाक नाही, गाल नाही, तरी पूर्ण बाई दिसते. आमच्या सरांनी दाखवला तेव्हा वर्गातली बडबड थांबली होती.

अक्षरांबद्दल. 'व्होग', 'हार्पर्स बझार' यांच्या नावाची अक्षरं दिदो घराण्यातली. उभी रेघ जाड, आडवी केसासारखी बारीक. हे वळण अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये आलं. कलादिग्दर्शक फाबिएन बारोनने 1992 मध्ये 'हार्पर्स बझार'चं रूप बदललं तेव्हा त्यांच्यासाठी खास नवीन दिदो काढून घेतला होता. ती बारीक रेघ स्वस्त कागदावर, घाईच्या छपाईत टिकत नाही. म्हणजे अक्षर बघूनच कळतं की कागद भारी आहे आणि छपाई नीट आहे.

आणि डावा एक तृतीयांश भाग. स्टॉलवर अंक एकावर एक सरकवून मांडले की डावी कडच दिसते, म्हणून महत्त्वाच्या ओळी डावीकडे, असं आम्हाला शिकवतात.

स्टँडसमोरचा
अपूर्णविराम, डावा भाग वगैरे तुमच्या पुस्तकात असंल. माझा पेपरचा स्टॉल हाय, बापाच्या वेळेपासनं. आमच्यात मांडणी पायऱ्यांची. खालच्या अंकावर वरचा अंक असा चढवायचा की फक्त नाव आन कपाळ दिसतं. आडवी मांडणी कोण करणार, जागा हाय कुठं? आन जे दोरीला चिमट्यात लटकतात त्यांचं वरचं दोन बोटं चिमट्यातच जातंय.

आमच्याकडं ज्याचं नाव मोठं आन वर, तो खपतो. एका अंकानं नाव खाली घेतलं होतं, डिझाईन म्हणून. महिनाभर लोक माझ्यासमोर उभं राहून तोच अंक मागायचे, तो डोळ्यासमोर असताना.

आन गर्दीत बाई कव्हर बघत न्हाई ओ. गाडी लागलेली असती. ती हिरोईन बघती आन किंमत बघती.

अपूर्णविराम
@स्टँडसमोरचा, दादा, हे तर सोनं आहे. आमच्याकडे सगळी उदाहरणं परदेशी रॅकची. तुमच्या स्टॉलचा फोटो काढायला येऊ का?

स्टँडसमोरचा
या की. चहा पाजतो. पर एक अंक घ्यावा लागंल.

तर्कट
सगळे कौतुकच करताय म्हणून विरोधी सूर. कव्हरचं काम एकच: बाईला सांगायचं की तू आत्ता आहेस तशी कमी आहेस. पोट कमी करा, डाग घालवा, 7 दिवसांत उजळ व्हा. आधी कमीपणा विकायचा, मग आतल्या जाहिरातीत त्यावरचं क्रीम. डिझाईन म्हणजे या व्यवहाराचं वेष्टन.

रंगाचंच घ्या. 'व्होग इंडिया' 2007 मध्ये सुरू झालं. भारतासाठीचा पहिला अंक, आणि कव्हरच्या मधोमध ऑस्ट्रेलियाची मॉडेल जेमा वॉर्ड. बाजूला प्रियांका चोप्रा आणि बिपाशा बासू. आपल्याच बायकांना आपल्याच अंकावर कडेला उभं केलं. तेव्हाही लोकांनी टीका केली होती.

अपर्णा_वाई
तर्कटशी निम्मी सहमत. पण कव्हर बघून बाई लगेच रडायला लागते असंही नाही. मी आणि माझी वहिनी ती '7 दिवसांत' वाली कव्हरं खो-खो हसत वाचायचो, आणि शेवटी त्यातली एखादी भरतकामाची नक्षी उतरवून घ्यायचो. आपल्याला पाहिजे ते उचलायचं, बाकी रद्दीत.

ऑफसेटवाला (सातारा)
@तर्कट, तुमचं म्हणणं मला दर दिवाळीला मशीनवर दिसतं. फोटो येतो, मुलगी छान सावळी. प्रूफ गेलं की निरोप येतो, "जरा उजळ करा." मग डिझायनर कातडीतला निळा आणि काळा उतरवतो. जास्त उतरवला की चेहरा सपाट होतो, गाल कुठे संपला आणि मान कुठे सुरू झाली ते कळत नाही. हातांना तेच करायचं विसरले की गोरा चेहरा आणि सावळे हात. असे अंक तुम्हीही पाहिले असतील, फक्त लक्षात आलं नसेल.

2020 मध्ये त्या प्रसिद्ध क्रीमने नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. निरोपातला शब्दही बदललाय. आता "जरा ग्लो आणा" म्हणतात. निळा तेवढाच उतरवावा लागतो.

भडंगप्रेमी
गोरा चेहरा, सावळे हात... आमच्या लग्नाचा अल्बम छापणारे तुम्हीच का? हलके घ्या.

मिरजेचा_कॅमेरा
फिटिंगच्या रडगाण्यावर लिहायला कुणी नाही म्हणून मी.

ताई, तुमच्या गिऱ्हाइकांना एकदा कव्हरची मागची बाजू दाखवायला पाहिजे. म्हणजे मॉडेलची पाठ. फॅशन शूट असो नाहीतर इथल्या साडी दुकानाचा कॅटलॉग, कपडा मॉडेलच्या मापाचा नसतोच. सॅम्पल पीस येतो, मॉडेल येते, दोघांची गाठ शूटच्या दिवशी पडते. मग सैल भाग मागे ओढायचा आणि चिमटे लावायचे. कागदाचे काळे क्लिप, वाळवणाचे चिमटे, टाचण्या, जे हाताला लागेल ते. बाहीतली चुणी आतून चिकटपट्टीने. निऱ्यांची प्रत्येक घडी पिनेने. मॉडेल वळली की खेळ खलास, म्हणून ती वळत नाही. श्वास घे म्हटलं की फोटो होईपर्यंत सोडत नाही.

समोरून बघताना कमरेत घोटून बसलेला ब्लाउज मागून बघितला तर पाठीवर चिमट्यांची रांग.

आणि डोक्याच्या वर इतकी मोकळी भिंत का सोडता, असं घरचे फोटो काढताना लोक मला विचारतात. कव्हरची सवय. वर नाव बसायचं असतं, बाजूला ओळी बसायच्या असतात. अक्षरांसाठी फोटोतच आधी जागा राखावी लागते.

सुईदोरा (सांगली)
मिरजेचा_कॅमेरा, तुमचा प्रतिसाद मोठ्या अक्षरात छापून ट्रायल रूममध्ये लावणार आहे!

खरं सांगू का, मला शंका होतीच. त्या राणी साडीच्या कव्हरवर ब्लाउजच्या काखेत एकही चुणी नाही. हात खाली सोडलेला असताना तिथे चुणी न पडणं शक्यच नाही. पडली नाही तर हात वर जाणार नाही. सुती असो, खण असो. आणि गिऱ्हाईक म्हणतं, "तिचं कसं बसलंय बघा." तिला ब्लाउज घालून पोळ्या लाटायच्या नाहीत हो, तिला फक्त उभं राहायचंय.

अपूर्णविराम
सुईदोराताई, मग हा किस्सा तुमच्यासाठी. अ‍ॅना विंटूर अमेरिकन 'व्होग'ची संपादक झाली तेव्हाचं पहिलं कव्हर, नोव्हेंबर 1988. त्याआधी वर्षानुवर्षं कव्हरवर स्टुडिओत काढलेला चेहरा, अगदी जवळून, केस जागच्या जागी. हिने मिकाएला बर्कू नावाची मॉडेल रस्त्यावर उभी केली. डोळे जवळजवळ मिटलेले, हसतेय, केस उडालेले, पोट थोडं दिसतंय. फोटो पीटर लिंडबर्गचा. अंगात फॅशन डिझायनर क्रिस्तियान लाक्रुआचं खड्यांचा क्रूस असलेलं जॅकेट, किंमत 10,000 डॉलर, आणि खाली 50 डॉलरची जीन्स.

छापखान्यातून फोन आला की चुकीचा फोटो आलाय का. आणि जीन्स का? जॅकेटबरोबरचा स्कर्ट होता, पण मॉडेल सुट्टीवर जाऊन थोडी जाड झाली होती, तो बसला नाही. विंटूरनेच नंतर हे लिहिलंय.

थेट बघणाऱ्या डोळ्यांचा नियम तिथे मोडला. तरी चाललं. सगळीकडे जपून काढलेले चेहरे असताना हा एकच मोकळा होता.

सुईदोरा (सांगली)
जगातल्या सगळ्यात गाजलेल्या कव्हरमागे न बसलेला स्कर्ट! देव आहे.

स्टँडसमोरचा
10,000 डॉलरचं जाकीट आन अल्टर करायला टेलर न्हाई. सांगलीला पाठवायचं हुतं.

पलूसची_बाई
तुम्ही सगळे अमेरिकेला निघालात, मी तुम्हाला किर्लोस्करवाडीला घेऊन येते.

मी पलूसची, आता निवृत्त. नांगर आणि पंपांच्या त्या कारखान्याशेजारी छापखाना होता हे इथल्या पोरांना सांगावं लागतं. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याच्या मालाची माहिती द्यायला. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर'. सगळी आपल्या आजच्या सांगली जिल्ह्यातल्या वाडीतून. आणि संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार. मासिक कसं दिसतं याला मजकुराइतकीच किंमत देणारा माणूस. आमच्या आईकडे 'स्त्री' यायचं. त्यात विधवांचे प्रश्न, मुलींचं शिक्षण, नोकरी. तर्कटना सांगते, बाईला कमी लेखून विकायचं हा एकच मार्ग नव्हता. 'तुला विचार करता येतो' हे सांगूनही अंक खपायचे.

'व्होग'चं पहिलं रंगीत फोटोचं कव्हर जुलै 1932 चं, एडवर्ड स्टायकेनचं, पोहण्याच्या पोशाखातली बाई हातात चेंडू धरून. आपल्याकडे त्यानंतर कित्येक दशकं मुखपृष्ठावर हाताने काढलेलं चित्रच. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर. दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' काढला, तो कव्हरसाठी घेणारे लोक मी बघितलेत. चित्रातली ती बाई कुणीच नसायची, त्यामुळे ती प्रत्येकीला आपली वाटायची. हिरोईन आली आणि ती एकाच बाईची झाली.

अपर्णा_वाई
पलूसताई, शेवटची तीन वाक्यं उतरवून ठेवली.
अवांतर: औंधच्या संग्रहालयात रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, सातारा जिल्ह्यातच. साडी नेसवून चेहऱ्यावर उजेड कसा पाडायचा हे तिथे जाऊन बघा. कॅलेंडरं, मग दिवाळी अंक, मग ज्वेलर्सचे होर्डिंग, सगळं तिथूनच निघालेलं वाटतं.

तर्कट
'प्रत्येकीला आपली वाटायची' हे पटत नाही. दलालांच्या बायकाही गोऱ्या, बारीक कमरेच्या आणि मोठ्या डोळ्यांच्याच होत्या. चिमटे लागत नव्हते इतकंच, कुंचल्याने कंबर आत घेता येत होती.
बाकी किर्लोस्करवाडीचा मुद्दा मान्य.

पलूसची_बाई
तर्कट, हे मात्र खरं बोललात.

मिरजेचा_कॅमेरा
तरी थोडं बदलतंय. 'व्होग फिलिपीन्स'ने एप्रिल 2023 च्या कव्हरवर 106 वर्षांच्या फांग-ओद आजींना घेतलं. बांबूच्या काडीने आणि काट्याने पारंपरिक गोंदण करणाऱ्या. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती दिसते, अंगभर गोंदण, नजर थेट. अंक जगभर फिरला. आमच्या मंगळवेढ्याच्या आत्याच्या हातावर असंच गोंदण आहे, तिला दाखवला तर म्हणाली, "ही आपल्यातलीच की!"

भडंगप्रेमी
कव्हरवर काहीच नसलेला अंक निघालाय का कधी?

अपूर्णविराम
निघालाय. 'व्होग इटालिया', एप्रिल 2020. कोरोनात इटलीचे हाल चालले होते तेव्हा पूर्ण पांढरं कव्हर, फक्त नाव. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी आख्ख्या अंकात फोटोशूटच केलं नाही, प्रवास आणि सेटचा खर्च-कचरा वाचवायला फोटोंऐवजी चित्रकारांकडून चित्रं करून घेतली.

ऑफसेटवाला (सातारा)
पांढरं कव्हर माझ्याकडून गेलं तर पार्टी बिल द्यायची नाही.

एक राहिलं होतं. इंग्रजी कव्हरवर मॉडेलचं डोकं नावाच्या पुढे येतं. 'व्होग'चं मधलं अक्षर केसांमागे गेलं तरी लोक वाचतात. एक तर नाव लोकांच्या डोळ्यात बसलेलं, दुसरं म्हणजे त्यांची अक्षरं सुटी. हे बघून आपल्याकडचे डिझायनर तसंच करायला जातात. देवनागरीत शिरोरेषेने सगळी अक्षरं बांधलेली. मधला भाग झाकला की रेघ तुटते, वरची मात्रा केसात जाते आणि 'वेणी'चं 'वणी'ही होऊ शकतं. 'स्त्री' तर एकच अक्षर, त्याच्यापुढे डोकं आणलं तर उरलं काय? आपण नाव डाव्या कोपऱ्यात घेऊन डोकं उजवीकडे ठेवावं, हे उत्तम.

अपर्णा_वाई
एक बाळबोध शंका. आता अंक विकत घेतंय कोण? माझी भाची कव्हर मोबाईलवरच बघते, टपाल तिकिटाएवढं, अंगठ्याने सरकवत. मग 51 फराळ आणि दिदोची बारीक रेघ, दोन्ही दिसत नाहीत.

अपूर्णविराम
म्हणूनच हल्ली कव्हरवर ओळी कमी झाल्यात. बारीक मजकूर तिथे वाचताच येत नाही. उरतं काय तर एक चेहरा, एक रंग, एक नाव. कव्हर पोस्टर असल्यासारखं करतात. हलणारी कव्हरंही निघतात, साडीचा पदर उडतोय वगैरे.

स्टँडसमोरचा
माझ्याकडं आता महिला मासिकं दोन-तीनच येतात, दिवाळीला तेवढी गर्दी. मोबाईलवर पायऱ्या न्हाईत, चिमटा न्हाई. पर दिवाळीत अंक हातात घेऊन वास घेणारी गिऱ्हाइकं अजून हायत.

सुईदोरा (सांगली)
तुमचं सगळं वाचून टीपॉयवर एक प्रयोग केला. दोन्ही अंक समोर ठेवले आणि प्रत्येकीला विचारलं, हाच का?

एक मुलगी म्हणाली, "हिने काही विकायला आणलंय असं वाटत नाही." ऑफसेटकाकांचा मोकळ्या जागेचा मुद्दा. 51 फराळ घेणाऱ्या काकू म्हणाल्या, "तो दुसरा बघितला की आपण दुकानात उगीच आलोय असं वाटतं." म्हणजे त्यांना कव्हरनेच सांगितलंय की हे तुमच्यासाठी नाही, आणि त्यांनी ते ऐकलंय. माझ्या मते हे डिझाईनचं यश आहे आणि मला ते फारसं आवडलेलं नाही. काकूंचे ब्लाउज माझ्याकडे जास्त येतात!

आता दुकानाचं इन्स्टाग्राम करतेय. त्यावर ट्रायलला आलेल्या गिऱ्हाइकांचेच फोटो टाकणार, त्यांनी हो म्हटलं तर. चिमटे न लावता. काखेत चुणी दिसली तर दिसू दे.

तर्कट
बघा, लाइक्स येणार नाहीत. पण ब्लाउज येतील.

अपूर्णविराम
ऑफसेटकाका, कॉलेजच्या वार्षिक अंकाचं कव्हर माझ्याकडे आलंय. नऊवारीतली मुलगी, बुलेटवर, पाठीमागे सांगलीचा आयर्विन पूल. नाव डाव्या कोपऱ्यात घेतलंय, तुमचं ऐकून. पुण्याला छापणार होते, पण तुम्हाला पाठवू का?

ऑफसेटवाला (सातारा)
पाठव. फाईल सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) पाठव, आरजीबी (स्क्रीनच्या रंगांत) पाठवलीस तर स्क्रीनवरची राणी रंगाची नऊवारी कागदावर विटकी येते आणि मग मला फोन करून भांडू नकोस. अक्षरं फोटोवर पांढरी बारीक ठेवू नकोस, भरून जातात. चारी बाजूंनी कटिंगला तीन मिलिमीटर जास्त सोड. आणि बुलेटवर ती मुलगी नऊवारीत खरंच बसलीये का चिमटे लावलेत?

अपूर्णविराम
खरंच बसलीये. माझी आजी आहे ती, तिच्या तरुणपणीच्या फोटोवरून काढलंय. फक्त बुलेट माझी.